मुक्ताच्या अंगातलं तांबं

१९ नोव्हेंबर २०२४

डायरी लिहिणाऱ्या निवृत्त माणसांबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. आमच्या शुगर फॅक्टरीतले एक इंजिनिअर रोज लिहीत, आणि आज भेंडी छान झाली होती यापलीकडे त्यात काही नसे. मी लिहितो आहे त्याला कारण आहे. मुक्ताच्या विसरण्यावर अख्खी गल्ली बोलू लागली आहे आणि बोलणाऱ्यांत एकालाही रसायनशास्त्राचं ओ की ठो कळत नाही. फॅक्टरीच्या लॅबमध्ये जन्म काढलेला केमिस्ट घरात असताना त्याच्या बायकोचा आजार देवळाली प्रवरातल्या बायका ओट्यावर बसून ठरवतात. तेव्हा एका माणसाने तरी निरीक्षणं नीट लिहून ठेवलेली बरी.

मुक्ता दुपारी शेजारच्या रंगुबाईच्या ओट्यावर मेंढीकोट खेळते. पत्त्यांचा खेळ, दोघी एकीकडे, दोघी दुसरीकडे. चारही दश्श्या ज्यांच्याकडे जमतील त्यांनी कोट केला. कुठली दश्शी पडली, कुठली अजून कोणाच्या हातात आहे, हे लक्षात ठेवलं की झालं. मुक्ता ते असं ठेवायची की तिच्याविरुद्ध बसायला बायका नाखूश असत. मला या खेळात काही अर्थ दिसत नाही, पण स्मरणशक्तीची चाचणी म्हणून ठीक आहे. काल तिने केव्हाच पडून गेलेल्या इस्पिकच्या दश्शीसाठी हुकूम धरून ठेवला आणि डाव घालवला. रंगुबाई तिची भिडू. ती संध्याकाळी मुद्दाम घरी आली.

"साहेब, एक सांगू का? तुमी जर्मनच्या पातेल्यात शिजवता. जर्मननं डोकं जातं म्हनत्यात."

ॲल्युमिनियमला जर्मन म्हणणाऱ्या बाईकडून मी मेंदूचं शास्त्र शिकायचं. ॲल्युमिनियमवर लोकांनी पन्नास वर्षं वाद घातला, सिद्ध काही झालं नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "सिद्ध व्हईस्तवर मुक्ताबाई ऱ्हाईल का जाग्यावर?"

युक्तिवाद नावाची गोष्ट या गल्लीत पोचलेलीच नाही.

२४ नोव्हेंबर

बिभीषण आला. मुक्ताचा धाकटा भाऊ. बेलापूरला खताचं दुकान आहे, आणि खत विकून जे समाधान मिळत नाही ते मिळवण्यासाठी हा दरवर्षी एक नवीन धंदा काढतो. मागे चुंबकाच्या गाद्या होत्या. आता पाणी ठेवायचे तांब्याचे जग. त्याने टेबलावर एक ठेवला. वर 'ताम्रसंजीवनी' असं कोरलेलं.

"दाजी, रातभर पानी ठिवायचं, सकाळी उपाशीपोटी ताईला द्यायचं. महिन्यात फरक. आपल्या आज्यापंज्यांना कुनाला झालता का हा रोग?"

"तुझे आजोबा पन्नाशीत गेले. रोग व्हायला वेळच मिळाला नाही."

"चेष्टा करू नका दाजी. मेंदूला तांबं लागतं, हे सायन्स हाय."

सायन्स! बारावीत दोनदा बसलेला माणूस. लागतं, पण किती? गोळाभर पिठात चिमूट मीठ लागतं म्हणून कोणी मिठाचा खडा चघळत नाही. मी वाचलं आहे. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मेंदूत ज्या गुठळ्या सापडतात त्यांत तांबं, लोखंड, जस्त चिकटलेलं आढळतं. ते कारण आहे की परिणाम, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत; पण भांडण चालू असताना घरात आणखी तांबं आणणं हा मूर्खपणा.

उपाय माझ्याकडे आधीपासून आहे. जस्त. जस्त पोटात गेलं की आतड्याच्या पेशी तांबं धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत, आणि ते बाहेर पडून जातं. ज्यांच्या यकृतात तांबं साठतं अशा रोग्यांना डॉक्टर हेच देतात. कोरोनाच्या वेळी सगळ्या गावाने झिंकच्या गोळ्या खाल्ल्या आणि साथ ओसरताच सोडल्या. चिकाटी हा गुण या तालुक्यात नाही. मी मुक्ताच्या गोळ्या सोडल्या नाहीत. तेव्हापासून रोज एक, न चुकता, माझ्या हाताने. मी स्वतः घेत नाही, मला मळमळतं. तिचं पोट भक्कम आहे.

आजपासून सकाळ-संध्याकाळ देणार.

बिभीषणच्या जगात स्क्रू आणि वॉशर ठेवले. झाकण चांगलं बसतं.

८ डिसेंबर

तळपाय बधिर झाल्याची तक्रार. "गाद्यांवरून चालल्यावानी वाटतंय," म्हणाली. राहुरीला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी, पांढऱ्या पेशीही कमी. डॉक्टर म्हणाले, "वय झालं की असं होतं, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं देऊ." ज्या ज्या गोष्टीचं कारण माहीत नाही तिला वय म्हणायचं, हे डॉक्टरी शिकवायला साडेपाच वर्षं कशाला लागतात? आमच्या फॅक्टरीत साखर पिवळी पडली तर मी मॅनेजरला ऊस म्हातारा झाला असं सांगू शकत नव्हतो.

इंजेक्शनं द्या म्हटलं. नुकसान नाही.

२९ डिसेंबर

इंजेक्शनांचा काही उपयोग नाही. घरात चालताना भिंतीला हात लावते. आज तिने विचारलं, "अहो, मी गोळी घेतली का?" घेतली होती. पण हा प्रश्न दिवसभरात पुन्हा पुन्हा आला, म्हणजे विसरणं वाढलं आहे. याचा अर्थ तांबं कुठून तरी आत शिरतं आहे.

घर तपासलं. पाण्याचा हंडा तांब्याचा, तिच्या आईने दिलेला. देव्हाऱ्यातलं पंचपात्र तांब्याचं, आणि तीर्थ म्हणून ती त्यातलं पाणी रोज पिते. दोन्ही माळ्यावर टाकलं. संध्याकाळी मुक्ता देव्हाऱ्यासमोर बसून पंचपात्र जिथे असायचं तिथे हात फिरवत होती.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. सण हा अज्ञानाचा उत्सव असतो हे आज पुन्हा पटलं.

कोणत्या अन्नात कोणता धातू किती, याचा तक्ता मी मिळवला आहे. तिळात तांबं भरपूर. शेंगदाण्यात आहे, काजूत आहे, हरभऱ्यात आहे. म्हणजे तिळगूळ हा तांब्याचा लाडू झाला. घरात करायचा नाही आणि बाहेरचा खायचा नाही, असं मी मुक्ताला काल सांगितलं.  ती म्हणाली, "मग काय जस्ताचे लाडू वळू का?"

अधूनमधून ती अशी पूर्वीसारखी बोलते. ही जस्ताचीच किमया.

दुपारी रंगुबाई आणि छबूबाई तिळगूळ घेऊन आल्या. मी दारातच अडवलं. कारण समजावून सांगितलं, तक्ता दाखवला. छबूबाईने तक्ता उलटा धरला आणि म्हणाली, "साहेब, सवाष्ण बाईला संक्रांतीला तीळ न्हाई द्यायचा म्हंजे काय? हे कुनी लिवलंय?" मी म्हटलं, शास्त्रज्ञांनी. ती म्हणाली, "त्यांना बायका न्हाईत का?"

नंतर बघतो तर मुक्ता मोरीत उभी राहून काहीतरी चघळत होती. रंगुबाईने खिडकीतून दिलं असणार. मी हात पुढे केला. तिने तोंडातला लाडू काढून माझ्या तळहातावर ठेवला, आणि "रागावू नका," म्हणाली. मी रागावलो नव्हतो. राग समजण्याची पात्रता असलेल्यांवर येतो.

उद्यापासून गोळी तीन वेळा.

२ फेब्रुवारी

निकिताचा पुण्याहून फोन. आमची एकुलती एक. मोठ्या कंपनीत आहे, तिथे माणसं नेमायचं काम करते. "अप्पा, आईला नगरला मेंदूच्या डॉक्टरकडे ने. ती मला फोनवर ओळखत नाहीये." मी म्हटलं, फोनवर मीही तुला ओळखत नाही, तू निम्मं इंग्रजीत बोलतेस. ती रडू लागली. रडणं हा मुद्दा होत नाही, असं तिला लहानपणापासून सांगत आलो आहे.

१९ फेब्रुवारी

रंगुबाईच्या ओट्यावरून मुक्ता पडली. कपाळाला खोक. उतरताना पायरी कुठे आहे ते पायाला कळलं नाही, असं ती म्हणाली. डोळ्यांना दिसत होती.

पडण्याआधी काय झालं ते रंगुबाईने सांगितलं. मुक्ताने पत्ते वाटताना चार जणींऐवजी पाच वाटे केले. "पाचवा कुनाचा गं?" विचारल्यावर म्हणाली, "तुज्या जावंचा. चहा टाकलाय तिनं, येतीच हाय." रंगुबाईची जाऊ कोरोनात गेली.

हे सांगताना रंगुबाईने पदर तोंडाला लावला. मला म्हणाली, "साहेब, तुमच्या पाया पडते, हिला कुटं तरी न्या." पाया पडायला ती खरंच वाकली. मला हा प्रकार अत्यंत किळसवाणा वाटतो. नेतो म्हणालो ते ती उठावी म्हणून.

४ मार्च

नगर. बोर्डांवर आता अहिल्यानगर आहे, रस्ते तेच.

मेंदूच्या डॉक्टर म्हणजे अलफिया शेख नावाची मुलगी. मुलगीच म्हणायची, निकिताहून लहान असेल. टेबलावर कॉम्प्युटर, भिंतीवर मेंदूचं चित्र, बाहेर रांग. मी मनातून आशा सोडली.

तिने मुक्ताला उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. मुक्ता लगेच कलली. डॉक्टरने तिला धरलं, आणि "मावशी, मी आहे," म्हणाली. मग पायाच्या बोटांना हात लावून बोट वर केलंय की खाली असं विचारलं. मुक्ताने सगळी उत्तरं चुकीची दिली आणि दर वेळी माझ्याकडे पाहिलं.

"सगळी औषधं आणलीत का पिशवीत?"

राहुरीची इंजेक्शनं आणि बीपीची गोळी, एवढं मी पुढे केलं.

"मावशी, आणखी काय घेता?"

"ह्यांना इचारा. हे देत्यात ते मी गिळते."

तेव्हा मी जस्ताबद्दल सांगितलं. ते औषध नव्हे, पोषण आहे, हे आधी स्पष्ट केलं. मग आतड्याच्या पेशी, तांबं, मेंदूतल्या गुठळ्या, सगळं क्रमाने मांडलं. हंडा आणि तिळाचंही सांगितलं. इतक्या नेमकेपणाने बोलणारा रुग्णाचा नातेवाईक तिला क्वचित भेटत असावा, कारण ती टाइप करायची थांबली.

"कधीपासून?"

"कोरोनापासून. आता तीन वेळा."

ती म्हणाली, "सर, तुम्ही सांगितलंत ते बरोबर आहे. जस्त तांबं बाहेर काढतं. तेच झालंय." आणि, "आज संध्याकाळची गोळी देऊ नका. एकही देऊ नका."

शास्त्र बरोबर आहे हे तिने मान्य केलं, ही जमेची बाजू. रक्तातलं तांबं मोजायला नमुना पुण्याला पाठवणार आहे.

संध्याकाळची गोळी दिली. आकडा हातात आल्याशिवाय प्रयोग मध्येच तोडणं ही बेशिस्त. मुक्ता म्हणाली, "त्या पोरीनं नको म्हनलंय ना?" मी म्हटलं, त्या पोरीला आधी रिपोर्ट येऊ दे.

१२ मार्च

रिपोर्ट आला. मुक्ताच्या रक्तात तांबं जवळपास नाही. डॉक्टरचं म्हणणं, हिमोग्लोबिन त्यामुळे उतरलं, पाठीच्या कण्यातल्या नसा त्यामुळे खराब झाल्या, आणि विसरणंही बहुधा त्यामुळेच.

मी म्हटलं, नमुना कोणत्या बाटलीत घेतला? सूक्ष्म धातू मोजताना काच, झाकण, सुई, सगळ्यात खोट असू शकते. आमच्या लॅबमध्ये एका पोराने न धुतलेल्या फ्लास्कात रस घेतला होता आणि दिवसभराची साखर चुकीची दाखवली होती. ती म्हणाली, "सर, घाण बाटलीने तांबं वाढलेलं दिसेल. कमी कसं दिसेल?"

 तरीही पुन्हा तपासणी करा म्हटलं. तो माझा हक्क आहे.

२१ मार्च

दुसराही तसाच.

गोळ्या बंद केल्या.

डॉक्टरने तांबं सुरू केलं. पहिले काही दिवस शिरेतून, नंतर गोळ्या. मेंदूबद्दल ती आशावादी आहे. पायांबद्दल म्हणाली, "नसांचं जे गेलं ते सगळं परत येईल असं मी सांगू शकत नाही. जितक्या लवकर आला असतात तितकं बरं झालं असतं." मग विचारलं, "पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हाच बंद केल्या होत्या ना?"

मुक्ता शेजारी बसली होती. मी म्हटलं, हो.

१८ एप्रिल

हिमोग्लोबिन चढतं आहे. रात्री झोप नीट. काल निकिताशी फोनवर बोलली आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "पोरगी लई रडते, तिला इकडं बोलवा." तीळ, शेंगदाणे सुरू. हंडा माळ्यावरून काढला. डॉक्टरने त्याची गरज नाही म्हटलं होतं, पण मुक्ताने हट्ट धरला.

१० मे

आज मुक्ता आणि रंगुबाईने कोट केला. रंगुबाई ओट्यावरून एवढ्या मोठ्याने ओरडली की मला वाटलं कोणी मेलं. "साहेब! चारी दश्श्या! कोन कुटं बसलीय ते बी सांगितलं तिनं!" पाच वाटे वगैरे आता नाही.

पाय मात्र तसेच. काठी घेतली आहे. पायरी उतरताना डोळ्यांनी बघून पाऊल ठेवते, अंधार पडला की चालत नाही.

२५ मे

बिभीषणला कोणीतरी सांगितलं की ताईला डॉक्टरने तांबं दिलं आणि ताई बरी झाली. तो मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच ओरडत होता.

"दाजी! म्हनलं हुतं का न्हाई? म्हनलं हुतं का न्हाई?"

आठ जूनला बेलापूरच्या मंगल कार्यालयात मोठा कार्यक्रम ठेवला आहे. पोस्टरच घेऊन आला. 'स्मृतिभ्रंशावर तांब्याचा विजय', खाली मुक्ताचा लग्नातला फोटो, शेजारी जग. मी म्हटलं, ती तुझ्या जगातलं थेंबभर पाणी प्यायलेली नाही, त्यात माझे स्क्रू आहेत. तो म्हणाला, "तांबं ते तांबं, दाजी. जगातलं काय आन् गोळीतलं काय."

फाडून टाकणार होतो. मुक्ताने पोस्टर हातात घेतलं, लांब धरून पाहिलं. "बरी दिसत हुते की मी," म्हणाली. आणि भावाला, "येते मी."

ठीक आहे. मीही येतो. या माणसाला त्याच्याच मांडवात उघडं पाडायचं.

८ जून

सगळं लिहायला हवं.

मंगल कार्यालय भरलेलं. मला वाटलं होतं रिकामटेकडे येतील. आले ते आपल्या म्हाताऱ्यांना घेऊन. श्रीगोंद्याहून जीप करून आलेलं एक कुटुंब होतं. मुलाने आईचं मनगट आपल्या मनगटाशी रुमालाने बांधलं होतं, नाहीतर ती उठून चालू लागते. एक म्हातारा सारखा विचारत होता, "लग्न कुनाचं हाय?" आणि त्याची सून दर वेळी शांतपणे सांगत होती, "तुमच्या नातीचं, मामंजी." अशा लोकांना बिभीषण जग विकणार होता, आणि ते घेऊन घरी गेले की डॉक्टरकडे जाणं थांबवणार होते. मला त्या सगळ्यांची एकदम चीड आली. इतकी आशा घेऊन लोक घराबाहेर पडतातच कसे?

बिभीषणने मुक्ताला स्टेजवर खुर्चीत बसवलं, शाल घातली. "ही माझी सख्खी ताई. तीन महिन्यांमागं भावाला वळखत नव्हती." टाळ्या. मी उठलो, पायऱ्या चढलो आणि माइक घेतला. त्याला वाटलं मी आभार मानणार.

मी चांगला बोललो. लोकांना कळेल असं बोललो. म्हटलं, शरीराला तांबं अगदी थोडं लागतं आणि ते रोजच्या जेवणातून मिळतं. फार कमी जणांच्या अंगात ते कमी पडतं, आणि ते रक्त तपासूनच कळतं. या बाईंच्या अंगात कमी पडलं होतं, म्हणून तांब्याने गुण आला. तुमच्या आईवडिलांना हा आजार नाही. त्यांना जगातल्या पाण्याने काही होणार नाही, उलट जास्त तांबं अपायच करेल. त्यांना डॉक्टरकडे न्या. श्रीगोंद्याचा तो मुलगा मान खाली घालून ऐकत होता. बिभीषणचा चेहरा पडला होता. क्षणभर मला वाटलं, या जिल्ह्यात बुद्धीला अजून जागा आहे.

मागून एक टोपीवाला उभा राहिला. "साहेब, मग ताईंचंच तांबं कशानं कमी झालं?"

"जस्तामुळे. जस्त जास्त गेलं की तांबं बाहेर पडतं."

"जस्त कुटून आलं?"

"गोळ्यांमधून."

"गोळ्या कुनी दिल्या?"

प्रश्न विषयाला धरून नव्हता. मी म्हटलं, "घरात होत्या."

मुक्ता खुर्चीतून उठली. काठी टेकत, खाली बघत, एक-एक पाऊल टाकत आली आणि माझ्या हातातून माइक घेतला. तिने आयुष्यात कधी माइक धरला नव्हता. तो तिने भाकरी धरावी तसा धरला.

"ह्यांनी दिल्या," म्हणाली. "रोज, हातानं, पान्याचा पेला घेऊन. चार वर्सं. पर ह्यांचं शास्त्र काय चुकलं न्हाई बरं का. शास्त्र बरोबरच हुतं. बायको चुकीची निघाली."

सबंध कार्यालय हसलं. बायका तर एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. लग्न कुणाचं विचारणारा म्हाताराही हसला. माझं सगळं विवेचन त्या हशात वाहून गेलं, आणि हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. वाक्य खोटं नव्हतं.

मग ती त्या बांधलेल्या मनगटाच्या पोराकडे वळून म्हणाली, "जग घिऊ नगं बाळा. आन् घरात कोन काय काय खायला देतं आईला, ते समदं पिशवीत घाल आन् डॉक्टरला दाव. समदं. शानी मानसं देत्यात ते आधी."

जग तरीही खपले. बिभीषणच्या टेबलाभोवती गर्दी होती. श्रीगोंद्याच्या मुलाने घेतला की नाही ते दिसलं नाही.

येताना रिक्षात मुक्ता म्हणाली, "नगरच्या पोरीनं नको म्हनल्यावरबी तुमी देत हुता. त्या संध्याकाळी दिली, दुसऱ्या दिवशी दिली, दुसरा कागूद येईस्तवर दिली. आन् तिला हो म्हनलात. माज्या म्होरं."

मी म्हटलं, प्रयोग मध्येच तोडता येत नाही.

"व्हय," म्हणाली. "पाय माजे हुते."

९ जून

मुक्ता बोलत नाही. चहा ठेवते, जेवण वाढते.

१२ जून

अजून नाही. आज मी विषय काढला. जास्तीत जास्त अडीच आठवड्यांचा फरक पडला, आणि तेवढ्याने नसांचं काय झालं असतं हे कोणीच सांगू शकत नाही, डॉक्टरही नाही, असं समजावलं. ती गव्हातले खडे काढत होती. खडे काढत राहिली.

एक निरीक्षण नोंदवायला हवं. गेलं वर्षभर ती सकाळी रागावली तर दुपारी कशावरून ते तिला सांगता येत नसे. मी गप्प राहायचो, आणि चार वाजता ती आपणहून हसून बोलायची. घरात वाद म्हणून टिकत नसे. मला वाटे, संसार इतका शांत कधीच नव्हता. आता चार दिवस झाले. चार वाजतात, जातात. डॉक्टर अलफियांच्या तपासणीत याला कुठे जागा आहे ते माहीत नाही, पण सुधारणा निर्विवाद आहे.

दुपारी रंगुबाई दारात आली. आत आली नाही.

"साहेब, मुक्ताबाईच्या गोळ्यांचा डबा द्या. आजपास्नं माज्याकडं ऱ्हाईल. ती तिच्या हातानं घील."

कोणती गोळी कोणत्या वेळेला हे तिच्या ध्यानात राहील का, असं मी विचारलं. तांब्याची गोळी मोजूनच गेली पाहिजे, चूक चालत नाही.

ओट्यावर पत्ते पिसल्याचा आवाज थांबला. मुक्ताचं उत्तर आलं, माझ्यासाठी नव्हतं.

"रंगू, त्यांना म्हनावं, मला आता समदं आठवतं."